आमच्या प्राथमिक शाळेचा आठवडा

ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठीं शाळेचा इतिहास लिहावा अशी स्मरणिका-मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां आमच्या मनांत प्रथम आलें तें नेहमींचेंच टांचण: शाळेची स्थापना, कौलारू इमारत, मुख्याध्यापकांची नामावलि, पटावरील संख्या आणि देणगीदारांचे आभार. हें सर्व या पुस्तिकेंत अन्यत्र आलेलें आहे व तें यावयासही हवें. परंतु लहान मूल वर्षांनीं जगत नाहीं. पंचवीस वर्षें म्हणजे काय हें त्याला कळत नाहीं, पन्नास तर नाहींच. त्याला कळतो तो वार. आज चित्रकलेचा तास, उद्यां कवायत, परवां आयतवार, मिस्सा आणि धुतलेले कपडे. एवढें त्याचें पंचांग. म्हणून आम्हीं वर्षें बाजूस ठेवून आठवडा हातीं घेतला आहे. शाळेच्या एका आठवड्यांत किती प्रकारचें शिक्षण मावतें, तें तेथें कोठून व कोणाच्या श्रमानें आलें, आणि त्यांतील एखादा वार काढून टाकला म्हणजे काय होतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ग्रंथांनीं दिलें नाहीं, आमच्याच चुकीनें दिलें. तें यथाक्रम येईल.

आठवडा हा शाळेचा स्वाभाविक पाया आहे असें आज कोणासही वाटेल. परंतु आपल्या प्रांतांतील शाळेंत तो फार जुना नाहीं. पंतोजींच्या गांवठी शाळेंत वाराचें नव्हे, तिथीचें राज्य होतें. अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा, अष्टमी हे अनध्यायाचे दिवस. मग त्या दिवशीं सोमवार असो कीं शुक्रवार. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा मंदिराच्या ओवरींत मुलें बसत. पुढें लांकडाची धूळपाटी, तिच्यावर विटकरीची बारीक धूळ पसरलेली, आणि बोटानें वा काडीनें अक्षर गिरवावयाचें. अक्षरें झालीं कीं पाढे. पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. मोठ्या मुलांस मोडी वाचन व जमाखर्च. संध्याकाळीं दिवेलागणीस सर्वांनीं मिळून परवचा म्हणावयाचा. सोमवारचा पाठ व शनिवारचा पाठ यांत कांहीं भेद नसे. रोज तेंच, तोंपर्यंत तेंच, कीं तें रक्तांत उतरावें.

या शाळेस हंसणें सोपें आहे. आमचा तसा विचार नाहीं. १६२३ सालीं पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा रोम शहरचा एक प्रवासी गोव्याहून पुढें कर्नाटकांत इक्केरीस गेला होता. तेथें मंदिराच्या ओवरींत चार लहान मुलें वाळू पसरून, सुरांत म्हणत, बोटानें तिच्यावर लिहीत अंकगणित शिकत आहेत असें त्यानें पाहिलें, व त्याचें त्याला मोठें कौतुक वाटलें. कारण गुरु जवळ नसतांही मुलें एकमेकांस शिकवीत होतीं. पुढें मद्रासेंतील एग्मोर येथें सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा १७८९ पासून अँड्र्यू बेल हे इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक पाहत असत. त्यांनींही अशीच वाळूंत लिहिणारी मुलें पाहिलीं, तोच प्रकार आपल्या शाळेंत सुरू केला, मोठ्या मुलाकडून लहानास शिकविण्याची रीत बसविली, व १७९७ सालीं त्यावर विलायतेंत पुस्तक छापलें. पुढें मुंबई इलाख्यांतील आरंभींच्या नव्या शाळांत हीच रीत विलायती म्हणून परत आली! आपल्याच ओसरीवरील वस्तु आपणांस बोटींतून आणून दाखवावी लागते, याचें हें एकच उदाहरण नव्हे.

तथापि गांवठी शाळेचा एक दोष उघड होता. तिला एकच दरवाजा होता, आणि तो पाठांतराचा. ज्या मुलाची जीभ चपळ व स्मरण घट्ट, तें आंत गेलें. ज्याचा हात चपळ परंतु जीभ जड, तें छडी खाऊन घरीं राहिलें. मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें तर त्या ओसरीवर बहुधा दिसतच नसत. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली तेव्हां किती गहजब झाला तो सर्वश्रुत आहे.

ख्रिस्ती शाळा मात्र आरंभापासून वारावर चालली, कारण तिचा आयतवार ठरलेला होता. (वारांचीं आपलीं मराठी नांवें व रोमन लोकांचीं नांवें ग्रहांच्या एकाच क्रमानें चालतात, पोर्तुगीज भाषेनें तेवढीं ग्रहांचीं नांवें टाकून वारांस क्रमांक दिले. आमच्या वाडवडिलांनीं त्या भाषेंतून पुष्कळ घेतलें, परंतु सोमवारचा ‘दुसरा’ कांहीं केला नाहीं.) सोळाव्या शतकांत वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंचें विद्यालय होतें, आपले संत गोन्सालो गार्सिया त्यांच्याच हाताखालीं शिकले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस हौतात्म्य प्राप्त झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १५९९ सालीं, संघाचे मुख्याधिकारी क्लाउदियो आक्वाव्हिव्हा यांनीं सर्व विद्यालयांसाठीं अध्यापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांस ‘रातियो स्तुदियोरुम’ म्हणतात. आम्ही सेमिनरींत असतां तें पुस्तक प्रथम हातीं आलें, तेव्हां त्यांतील मोठमोठ्या तत्त्वांपेक्षां एका लहान गोष्टीनें आम्हांस धरून ठेवलें: शनिवार. आठवडाभर जें शिकविलें तें शनिवारीं पुन्हा म्हणवून घ्यावें, आणि ख्रिस्ती शिकवण शुक्रवारीं किंवा शनिवारीं पाठ करून घ्यावी, असा नियम. विसरणें हें मुलाचें पाप नव्हे, तो मुलाचा स्वभाव होय, व त्या स्वभावासाठीं आठवड्यांतील एक दिवस राखून ठेवला पाहिजे, हें ज्यानें ओळखलें त्यानें मुलें जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत. आपल्या मराठी शाळांत शनिवारीं पाढे व कविता म्हणून घेण्याची चाल होती. ती त्या नियमांतून आली असें आम्ही म्हणत नाहीं, कारण परवच्याची परंपरा आपल्या घरांत होतीच. दोन ओढे एका बावखलांत मिळावे तसें झालें असावें.

परंतु तीं विद्यालयें लॅटिन भाषेचीं व बहुतांशीं मोठ्यांच्या मुलांचीं होतीं. गरिबाच्या मुलाचा आठवडा आंखून दिला तो संत योहान बाप्तिस्त दे ला साल यांनीं. फ्रान्समधील रॅंस शहरीं १६५१ सालीं एका सधन कुळांत त्यांचा जन्म झाला, व १६७९ पासून ते गरीब मुलांच्या शाळांच्या कामांत पडले. त्यांनीं दोन गोष्टी केल्या, ज्यांचें मोल आम्हांस आज अधिक वाटतें. एक म्हणजे, एकेका मुलास जवळ बोलावून शिकविण्याऐवजीं सारख्या तयारीच्या मुलांचा वर्ग करून सर्वांस एकदम शिकविलें. दुसरी म्हणजे, वाचनाचा आरंभ लॅटिन भाषेंतून करावयाचा असा तेव्हांचा परिपाठ मोडून तो मुलांच्या स्वभाषेंतून केला. त्यांचें म्हणणें साधें होतें: गरिबाचें मूल शाळेंत थोडींच वर्षें राहतें, परक्या भाषेचीं अक्षरें जुळवितां जुळवितांच तें कामावर जाईल, आणि त्यास ना ती भाषा येईल, ना स्वतःची वाचतां येईल. पॅरिस शहरांत लेखन शिकविणाऱ्या धंदेवाईक मास्तरांच्या संघानें त्यांच्यावर दावे लावले, कारण फुकट लिहावयास शिकविलें तर त्यांच्या पोटावर पाय येई. त्यांच्या शाळेंत रोज धर्मशिक्षण असे, आयतवारीं तें अधिक वेळ चाले, आणि गुरुवारीं सुट्टी मिळे. गुरुवारची ती सुट्टी फ्रान्स देशांत पुढें फार दिवस टिकली. १८८२ च्या कायद्यानें सरकारी शाळेंतून धर्मशिक्षण काढलें, तेव्हां तें बाहेर देतां यावें म्हणून आयतवाराखेरीज आणखी एक दिवस मोकळा ठेवला, तो गुरुवारच. १९७२ सालीं त्याचा बुधवार झाला. पवित्र सभेनें या संतास १९०० सालीं वेदीचा मान दिला, व १९५० सालीं बारावे पायस यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते नेमलें.

इकडे गोव्याच्या धर्मग्रामांत शाळेचा आणखी एक प्रकार रुजला होता. तेथील ‘मेस्त’ मुलांस ख्रिस्ती शिकवण व अक्षरें देई, परंतु त्याचा खरा विषय संगीत. सुरांचीं चिन्हें वाचणें, व्हायोलिन धरणें, मिस्सेचीं गाणीं. त्या शाळांतून निघालेले वादक मुंबईस येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले, हें आमच्या वडील पिढीस ठाऊक आहे. गाण्याच्या तासानें पोट भरत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आतां आपल्या इलाख्याकडे वळूं. १८५४ सालीं विलायतेहून वुड साहेबांचा खलिता आला, व १८५५ सालीं मुंबईस विद्याखातें स्थापन झालें. सरकारी शाळांबरोबर आयतवारची सुट्टी खेडोपाडीं गेली. शाळेच्या पोरास आयतवार मिळाला, पण त्याच्या गिरणींत खपणाऱ्या बापास तो मिळण्यास १८९० साल उजाडावें लागलें; तो नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मिळवून दिला, आणि हे गृहस्थ आपल्याच ठाण्याचे. खलित्याप्रमाणें खासगी व मिशनच्या शाळांस अनुदान मिळूं लागलें, ही मोठीच सोय झाली. परंतु १८६५ च्या सुमारास या अनुदानास परीक्षेच्या निकालाची अट जोडली गेली. दिपोटी साहेब वर्षांतून एकदां येणार, मुलांची परीक्षा घेणार, आणि जितकीं मुलें ज्या ज्या विषयांत उतरतील तितके पैसे शाळेस मिळणार. याचा परिणाम सांगावयास पाहिजे असें नाहीं. ज्या विषयास पैसे नाहींत तो वेळापत्रकांतून गळाला. गाणें गळालें, खेळ गळाला, बाग तर कोणी लावलीच नाहीं. जें मूल नापास होईल असें वाटे तें परीक्षेच्या दिवशीं न आलेलें बरें, असा हिशेब कित्येक चांगल्या शाळांच्याही मनांत येई. चांगल्या हेतूनें दिलेल्या पैशानें आठवड्याचा प्रत्येक वार सोमवारसारखा करून टाकला. १९०४ सालच्या मार्च महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें आपल्या शिक्षणविषयक ठरावांत या पद्धतीस रजा दिली.

त्याच सुमारास ‘वस्तुपाठ’ आले. आज प्रवचनांत आम्ही ‘त्यांचें जीवन हा वस्तुपाठ होय’ असें म्हणतों आणि आदर्श असा अर्थ घेतों. शाळेंत मात्र त्याचा अर्थ अक्षरशः होता: वस्तु हातांत देऊन दिलेला पाठ. मीठ, कापूस, कोळसा, पिंपळाचें पान टेबलावर ठेवावें, मुलांनीं तें हाताळावें, हुंगावें, आणि मग बोलावें. स्वित्झर्लंडमधील पेस्तालोत्सी (१७४६–१८२७) यांच्या विचारांतून हें निघालें. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं मास्तरांनीं त्याचेंही पाठांतर करून घेतलें, व मीठ न चाखतांच मुलें मिठाचे गुणधर्म घडघडां म्हणूं लागलीं. रीत कितीही चांगली असो, ती राबविणारा माणूस थकलेला असला म्हणजे ती पाठांतराकडे घसरते.

१९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, व डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना आंखली. त्या योजनेंतील दिवसाची वांटणी वाचकांनीं अवश्य पाहावी. एकूण साडेपांच तास. त्यांपैकीं मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें. मातृभाषेस ४० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटें. व्यायामास १० मिनिटें. आणि मधल्या सुट्टीस १० मिनिटें. टकळीच्या सुतांतून गणित, कापसाच्या बोंडांतून भूगोल, असा विचार. आमचें मत विचाराल तर सहा-सात वर्षांच्या मुलानें तीन तासांहून अधिक वेळ टकळी फिरवावी हें आम्हांस कधींच पटलें नाहीं, आणि खेळास दहा मिनिटें हें तर त्याहून नाहीं. आईबापांनाही तें पटलें नाहीं. हातकाम घरीं पुष्कळ आहे, शाळेंत अक्षर द्या, असें ते म्हणत, व त्यांचें अगदींच चूक नव्हतें. पण हाताला शिकवावयाचें असतें, आणि हातही शिकवितो, ही गोष्ट सरकारी कागदावर प्रथमच एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिली गेली. पुढें कोठारी आयोगानें (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ म्हणून जें सुचविलें, तें या वटवृक्षाच्याच पारंबीला फुटलेलें पान होय.

आणि आमच्या उंबरठ्यावर तर त्याहून मोठें काम झालें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम-बाल-शिक्षा-केंद्र काढलें. पुढें १९५७ पासून तें कोसबाडच्या टेंकडीवर चाललें, व अनुताई वाघ यांनीं तें वाढविलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं शाळाच त्यांच्या पाड्यांत, अंगणांत नेली. गुरें राखणारीं मुलें कुरण सोडूं शकत नाहींत, तर कुरणांतच शाळा भरविली; तिचें नांवच कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, पानें, गाणीं हेंच साहित्य. दे ला साल यांनीं भाषेच्या बाबतींत जें केलें तेंच या बाईंनीं जागेच्या बाबतींत केलें. मूल जेथें उभें आहे तेथून आरंभ.

आम्ही स्वतः शिकलों ती वसई तालुक्यांतील एक मराठी शाळा, पंचाहत्तर-ऐंशीच्या सुमाराची. त्या शाळेचा आठवडा आम्हांस अजून वारवार सांगतां येईल. सोमवार शुद्धलेखनाचा, म्हणून सोमवार आम्हांस आवडत नसे. मंगळवारीं तोंडी हिशेब व मोजमाप. दोरीनें ओटा मोजणें, चिंचोक्यांनीं दशक मांडणें. १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यापासून पावकी-दिडकीचें काम सरलें होतें, पण आमचे गुरुजी जुन्या वळणाचे. ते औटकी म्हणून दाखवीत, आणि आम्ही तोंडें उघडीं टाकून ऐकत असूं. बुधवारीं परिसर. त्या दिवशीं वर्ग शाळेंत बसत नसे. बावखलाच्या कांठीं बसून पाणी कोठून येतें व कोठें जातें तें पाहावयाचें. वाडींत रहाट बंद पडून पंप बसला होता, तरी जुना रहाट तेथेंच पडून होता. गुरुजी त्याचे दांते मोजावयास लावीत व एक चाक फिरलें म्हणजे दुसरें किती फिरेल असें विचारीत. भागाकाराचा उपयोग आम्हांस तेथें कळला. गुरुवारीं गोष्ट व गाणें. बाजाची पेटी घेऊन बाई मधोमध बसत.

शुक्रवार दुपार कार्यानुभवाची. वाड्यांतील मुलें पानवेलीचा मांडव कसा बांधावा, केळीचें आळें कसें करावें तें दाखवीत. कोळीवाड्यांतील मुलें दोरीच्या गांठी. त्या एका दुपारीं वर्गाची उतरंड उलटी होई. सोमवारीं जो शेवटच्या बाकावर बसे तो शुक्रवारीं मधोमध उभा असे, आणि पहिल्या बाकावरचे, त्यांत आम्हीही आलों, हातांतील दोरी गुंतवून त्याच्या तोंडाकडे पाहत असत. ‘असा नाय रे, उलटा फिरव,’ असें तो आम्हांस म्हणे, आणि त्या आवाजांत जो आनंद असे तो आम्हीं पुढें फार थोड्या शिक्षकांच्या आवाजांत ऐकला. शनिवारीं सकाळची शाळा: कवायत, सफाई, पाढे, आणि अकराच्या आंत घर.

असो. आतां ती चूक. कांहीं वर्षांपूर्वीं एका धर्मग्रामांत आम्ही शाळेचे व्यवस्थापक होतों. शिष्यवृत्ति परीक्षेचा निकाल त्या वर्षीं अगदीं बेताचा लागला. शेजारच्या एका शाळेनें आपल्या यशस्वी मुलांचीं छायाचित्रें फलकावर लावून तो हमरस्त्यावर उभा केला होता. आयतवारीं मिस्सेनंतर पालक आम्हांस त्या फलकाविषयीं विचारूं लागले. आम्हीं मुख्याध्यापिकाबाईंस बोलावून सांगितलें कीं गुरुवारचें गाणें व शुक्रवारचा कार्यानुभव हे तास या वर्षापुरते गणिताच्या सरावास द्यावे. बाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, ‘फादर, शुक्रवार काढूं नका. कांहीं मुलें शुक्रवारासाठींच आठवडाभर येतात.’ आम्हीं स्मित केलें. सेमिनरींत रातियो वाचलेल्या, इतर पुष्कळ वाचलेल्या माणसाचें तें स्मित होतें. तास बदलले.

नाताळच्या सुट्टीपूर्वीं बाई कार्यालयांत आल्या, कांहीं न बोलतां त्यांनीं चौथीचा हजेरीपट उघडून मेजावर ठेवला व निघून गेल्या. आम्हीं तो आरंभीं उभा वाचला, मग आडवा. ऑगस्टांत कांहीं नांवांपुढें फक्त शुक्रवारीं गैरहजेरीची खूण होती. सप्टेंबरांत शुक्रवार व शनिवार. दिवाळीनंतर त्या खुणा सोमवारापर्यंत पसरल्या होत्या. कोळीवाड्यांतील एक मुलगा त्यांत होता. वाचतांना तो अडखळे, परंतु जाळें विणण्याची सुई त्याच्या हातांत असली म्हणजे पाहणाऱ्यानें पाहतच राहावें. आम्ही त्याच्या घरीं गेलों. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखालीं त्याची आई बसली होती. ती म्हणाली, ‘फादर, मी धाडते, तो जात नाहीं. म्हणतो, आतां तिथें माझें काय आहे?’ मुलगा घराआड उभा राहून ऐकत होता.

जानेवारीपासून दोन्ही तास पूर्ववत् झाले. मुलगा आला; प्रथम शुक्रवारीं, मग इतर वारीं. पण त्याच हजेरीपटावर एका मुलीचेंही नांव होतें. तिचा वार गुरुवार होता. तिला गाणें येई, बाकी फारसें कांहीं येत नसे. धाकट्या भावंडास सांभाळावयास ती घरीं राहिली होती. तिच्याकडे आम्ही दोनदां गेलों, बाई कितीदां गेल्या तें त्यांनीं आम्हांस सांगितलें नाहीं. ती परत आली नाहीं. त्या वर्षीं शिष्यवृत्तीचा निकाल थोडा सुधारला होता, हेंही येथें लिहून ठेवणें प्राप्त आहे. फलक आम्हीं लावला नाहीं.

पूर्वीं दिपोटी साहेबांच्या भयानें शाळा जें करीत, तें आम्हीं कोणीही दिपोटी नसतांना केलें. म्हणूनच १८६५ च्या त्या अटीचा इतिहास आम्हांस केवळ इतिहास वाटत नाहीं.

आज शाळेस कायद्याचें पाठबळ आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पांचवीस वर्षाचे निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन, शिक्षकाचे आठवड्याचे तयारीसह ४५ तास, हें त्यांत लिहिलेलें आहे. शक्य तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावें, आणि शिकणें कृतींतून व शोधांतून व्हावें, असेंही त्यांत आहे. त्या ८०० तासांपैकीं गाण्यास किती व जाळ्यास किती, हें मात्र कायदा सांगत नाहीं. तें व्यवस्थापकाच्या लेखणीवर सोडलेलें आहे, आणि ती लेखणी किती सहज फिरते तें वर आलेंच आहे.

या ज्युबिलीच्या वर्षीं आमच्या मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गांत बाक रिकामे आहेत. धर्मग्रामांतील पुष्कळ आईबाप मुलांस इंग्रजी शाळेंत घालतात; त्यांच्या काळजीस आम्ही दोष देत नाहीं, त्यांचीं कारणें आम्हीं घरोघरीं बसून ऐकलीं आहेत. पण ‘मराठी शाळेंत असें काय आहे?’ असा प्रश्न आला म्हणजे आम्ही आतां निकालाचा कागद काढीत नाहीं, वेळापत्रक दाखवितों. कार्यालयाच्या भिंतीवर या वर्षाचें लागलेलें आहे. शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांपुढें बाईंनीं विषय न लिहितां जागा मोकळी ठेवली असून, ज्या धर्मग्रामस्थांस आपल्या हातचें कांहीं मुलांस दाखवितां येईल त्यांनीं तेथें नांव द्यावें अशी सूचना खालीं आहे. आजपर्यंत पानवेलीचे मांडव बांधणारे एक गृहस्थ व जाळीं विणणाऱ्या दोन भगिनी अशीं तीन नांवें आलीं आहेत. गुरुवारच्या गाण्यासाठीं बाजाची पेटी दुरुस्त होऊन आली आहे; वाजविणारें कोणी अद्याप मिळालेलें नाहीं.